पाचवा दिवस

पहिल्या दिवशी हेनिंगनं किल्ल्या दिल्या, रबरी बूट दिले,
आणि जाता जाता म्हणाला, सोल्वाय, जीव लावू नकोस.
जसं काही ते एक बटण आहे
काचेच्या पेटीच्या डाव्या बाजूला.

चौदा पेट्या. चौदा पिल्लं,
दिवस भरायच्या आधी डुकरिणीचं पोट उघडून काढलेली.
अंगावर केस नाहीत. कान डोक्याला चिकटलेले,
ओल्या पाकिटाच्या झडपेसारखे.
दर तीन तासांनी नळीतून दूध:
सातांना गाईचा चीक, सातांना पावडरचं.
कुणाचं आतडं सडतं ते बघायचं.
एवढाच प्रश्न आहे, आणि प्रश्न चांगला आहे.
मी तो अर्जावर वाचलाय, समितीच्या सह्यांसकट,
‘यातना: मध्यम’ या चौकोनातल्या खुणेसकट.
मध्यम कुणी मोजलं, कुठल्या फुटपट्टीनं,
ते कागदावर नव्हतं.

नऊ नंबर रात्री दोनला ओरडतं.
आवाज म्हणजे काय, कपाटाचं दार कुरकुरेल तेवढा.
मी नळी काखेत धरून गरम करते.
हे नियमात नाही.
नियमात काखेविरुद्धही काही नाही.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या लेकीची लेक
सत्ताविसाव्या आठवड्यात आली.
तिचीही पेटी होती, तिचीही नळी,
पोटावर एक निळी शीर, टाचणीनं ओढल्यासारखी.
ओडेन्सचे डॉक्टर म्हणाले, दूध इतकंच, या वेगानं, याच्यापुढे थेंब नाही.
हे कसं कळलं तुम्हाला, मी विचारलं.
डुकरांवरून, ते म्हणाले.
मी हात जोडले, आभार मानले.
डॉक्टरांचे.

ती टिल्डे परवा जेवताना म्हणाली,
आजी, तू खुनी आहेस का?
तिच्या काळ्या ब्रेडवर डुकराच्या काळजाची पेस्ट होती,
जाड थर, वर काकडीची चकती.
मी त्या चकतीकडे बघत राहिले. बोलले नाही.
आमच्याकडे माणसांहून डुकरं जास्त;
नाताळला कुरकुरीत साल कुणाच्या ताटात मोठी पडली
यावरून सख्खे भाऊ अबोला धरतात,
आणि त्या सालीसाठी कुठली समिती बसत नाही.
पण हे उत्तर नव्हे.
शेजारचं घर पेटलंय म्हणून
आपल्या हातातली काडी विझत नाही.
तिनं मला विचारलं होतं, देशाला नाही.

मग घास गिळून म्हणाली, माझ्यासाठी किती मेली?
मला आकडा माहीत नाही.
हेनिंगला विचारलं, त्यालाही नाही.
आकडे प्रयोगाच्या नावावर असतात,
मुलींच्या नावावर नसतात.

पाचव्या दिवशी सकाळी आठला इंजेक्शन.
जी तगली त्यांनाही.
तगणं हा इथं निकाल नव्हे. निकाल आत असतो,
तो बाहेर काढून टेबलावर पसरावा लागतो
मीटरपट्टीशेजारी.
वहीत ‘मारलं’ लिहीत नाहीत, ‘प्रयोग समाप्त’ लिहितात.
मागच्या खेपेला मी लिहिलं होतं:
चार नंबर, मारलं, आठ चौदा.
हेनिंगनं ते खोडलं नाही.
बराच वेळ पेन हातात धरून उभा राहिला,
मग खाली आपली आद्याक्षरं टाकली.

आज तिसरी रात्र.
खिडकीबाहेर बीटाच्या शेतावर धुकं बसलंय,
रेडिओवर कुणीतरी समुद्राचं हवामान वाचतंय, अगदी हळू,
आणि नऊ नंबर उभं राहिलं.
चार पाय चार दिशांना, पण उभं.
मग माझ्याकडे बघून, किंवा दिव्याकडे, धपकन पडलं.
मी एक टॉवेल गुंडाळला,
त्याच्या पाठीशी लावला, आईच्या कुशीइतका जाड.
हेनिंगनं विचारलं तर सांगेन,
जीव नाही रे, टॉवेल लावलाय.

पाच वाजत आले. दूध गरम करायला हवं.